असं मी म्हणत नाही

आप्पा गवाणकर पक्षाचे जुने माणूस. कॉलेजात अर्थशास्त्र शिकवत होते तेव्हापासून त्यांच्याकडे एक काम ठरलेलं होतं. दिल्लीत बजेट मांडलं की त्याच संध्याकाळी रत्नागिरीत मारुती मंदिराजवळच्या सभागृहात ते लोकांना समजावून सांगायचं. पक्ष विरोधात होता त्या काळात सभागृह पुरायचं नाही. वकील, डॉक्टर, आंब्याचे बागायतदार, बँकेतले लोक, दुकान लवकर बंद करून आलेले व्यापारी, सगळे यायचे. आप्पा कुणा मंत्र्याची टवाळी करायचे नाहीत. फळ्यावर खडूनं दोन आकडे लिहायचे, सरकारची मिळकत आणि सरकारचा खर्च. मग मधल्या फरकावर बोट ठेवून म्हणायचे, "आता एवढंच बघू या."

त्या फरकावरच त्यांचा जन्म गेला म्हटलं तरी चालेल. सरकारनं आपल्या मिळकतीत भागवावं, ही त्यांची श्रद्धा होती, आणि ती चिक्कूपणातून आलेली नव्हती. कर्ज काढून बंदर बांधा, रेल्वे आणा, माझी ना नाही, असं ते म्हणायचे. जो पुढे फेडणार आहे त्याला ते वापरायला तरी मिळेल. पण आजचा पगार, आजची सवलत, आजची खिरापत कर्जातून द्यायची म्हणजे अजून जन्मलंही नाही अशा पोराच्या नावावर जेवण मागवायचं. त्याला मत नाही, म्हणून त्याला कुणी विचारत नाही.

पहिल्या रांगेत दरवर्षी सुलेमान मुकादम बसायचा. आप्पांचा शाळेतला सोबती. तीस वर्षं बोटीवर इंजिनरूममध्ये काढून राजिवड्यात परत आलेला. मत कायम दुसऱ्या पक्षाला, पण व्याख्यान कधी चुकवलं नाही. प्रश्नांची वेळ आली की पहिला हात त्याचा.

"आप्पा, सरकार म्हणजे तुझं घर आहे काय? तुझ्या घरात नोटा छापायचं मशीन आहे?"

"नोट छापता येते, सुलेमान. तांदूळ छापता येत नाही. नोटा वाढल्या आणि तांदूळ तेवढाच राहिला, की तुझ्या त्याच पैशात पिशवी हलकी होते. हा कर तुझ्यावर कुठल्या सभेत मंजूर झाला, सांग बघू."

लोक हसायचे, सुलेमानही हसायचा. मागच्या भिंतीला टेकून विनीत टाळ्या वाजवायचा. विनीत हा आप्पांचा विद्यार्थी. आप्पांची वाक्यं पाठ करून त्यानं कॉलेजातल्या वक्तृत्व स्पर्धा जिंकल्या, मग पक्षात शिरला, आणि पुढे जिल्ह्याचा अध्यक्ष झाला.

मग पक्षाची दिल्लीत सत्ता आली. पहिल्या वर्षी आप्पा म्हणाले, आधीच्यांनी पाडलेली भोकं बुजवायला वेळ लागेल. दुसऱ्या वर्षी म्हणाले, आता दिशा दिसली पाहिजे. तिसऱ्या वर्षापासून त्यांनी पुन्हा फळ्यावर दोन आकडे लिहायला सुरुवात केली, आणि सभागृह रिकामं व्हायला लागलं. जे लोक पूर्वी खिडकीत बसून ऐकायचे ते आता मध्येच फोन कानाला लावून बाहेर जायचे. वाक्यं तीच होती. फक्त ती आता आपल्या माणसांना लागत होती.

घरी आप्पा आणि मुलगी शमिका, दोघंच. पत्नी जाऊन बरीच वर्षं झाली होती. शमिका पालीच्या सरकारी दवाखान्यात लॅब टेक्निशियन होती, केंद्राच्या एका आरोग्य मिशनमध्ये, कंत्राटावर. दर अकरा महिन्यांनी नवा आदेश. अधूनमधून दोन-तीन महिने पगारच यायचा नाही. विचारलं तर उत्तर एकच, निधी आलेला नाही.

"देशाकडे पैसे नसतात तेव्हा देश ते सगळ्यांना सांगत नाही," आप्पा तिला म्हणायचे. "जो आरडाओरडा करणार नाही त्यालाच सांगतो."

"मग मी आरडाओरडा करू?" ती विचारायची आणि डबा घेऊन निघायची.

लोकसभेची निवडणूक तोंडावर आली आणि विनीतला उमेदवारी मिळाली. त्या फेब्रुवारीच्या बजेटमध्ये सरकारनं 'घरदीप' योजना जाहीर केली. प्रत्येक घरातल्या बाईच्या खात्यात महिन्याला दोन हजार, आणि पहिला हप्ता मतदानाच्या आधीच. व्याख्यान रद्द करावं असं पक्षात काहींना वाटत होतं. विनीतच म्हणाला, आप्पांना बोलवू या. घरदीपबद्दल ते चार शब्द चांगले बोलले तर शहरातला शिकलेला वर्ग आपल्याकडे राहील. त्यानं आप्पांना फोनवर तसं सुचवलंही. "सर, या वेळी जरा सकारात्मक."

"आकडे जसे आहेत तसे सांगेन," आप्पा म्हणाले.

सभागृह त्या दिवशी भरलं होतं. पहिल्या दोन रांगांत बचत गटाच्या बायका आणून बसवल्या होत्या. फळा काढून तिथे विनीतच्या फोटोचा फलक लावलेला. आप्पांनी खडू शोधला, मिळाला नाही, मग तसेच बोलायला लागले.

"सरकारच्या हातात मिळकतीचे शंभर रुपये आले, की त्यातले पस्तीसच्या वर नुसत्या व्याजात जातात. मुद्दल नव्हे, व्याज. त्यातून गोळी येत नाही, रस्ता होत नाही, जवानाचा बूट येत नाही. तूट आवरायचा कायदा आपणच केला होता. त्याची मुदत पुन्हापुन्हा पुढे ढकलली. दोन्ही बाजूंनी ढकलली. आता ही घरदीप. बायकांना पैसे मिळू नयेत का? जरूर मिळावेत. पण कुणाकडून घेऊन देताय तेही त्याच दिवशी सांगा. कर वाढवा आणि सांगा, की यांच्याकडून घेतले आणि त्यांना दिले. नाहीतर दुसरा खर्च कापा आणि सांगा, हा कापला. ज्याला देतो त्याचं नाव मोठ्यानं घ्यायचं आणि ज्याच्याकडून घेतो त्याचं नाव लपवायचं, हा राज्यकारभार नाही. घरदीपचे दोन हजार हे उधारीचे आहेत. हे पैसे देणं बंद केलं पाहिजे, असं मी म्हणत नाही. पण…"

इथे माईक बंद पडला. व्यासपीठावरून विनीतनं कुणाला तरी खूण केली होती. सुलेमाननं ती पाहिली. आप्पा वर्गात बोलायच्या आवाजात पुढे बोलत राहिले. पण निवेदकानं चहा आल्याचं ओरडून सांगितलं, खुर्च्या सरकल्या, आणि पाच मिनिटांत ते अर्ध्या रिकाम्या सभागृहाशी बोलत होते.

"चल," सुलेमान त्यांचा हात धरून म्हणाला. "माझ्या घरी चहा बरा मिळतो."

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत ती क्लिप जिल्हाभर फिरली. समोरच्या पक्षाच्या कुणीतरी काढलेली होती. आप्पा व्यासपीठावर उभे, मागे विनीतचा हसरा फोटो, आणि आप्पांचा स्वच्छ आवाज : "घरदीपचे दोन हजार हे उधारीचे आहेत. हे पैसे देणं बंद केलं पाहिजे." तिथेच संपवलेली. खाली लिहिलं होतं, 'यांच्याच पक्षाचे ज्येष्ठ नेते काय म्हणतात ऐका. निवडून आले की तुमचे पैसे बंद!'

चिमा आप्पांकडे दिवसाआड केरफरशीला यायची. नवरा मुंबईला, सासू आणि दोन मुली गावात. त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी ती आली, पण झाडू हातात घेतला नाही. दारातच उभी राहिली.

"आप्पानू, तुमी माजं पैसं बंद करायला निगालाव म्हनं?"

"कोण म्हणालं?"

"मोबाइलात दावलानी. तुमीच बोलताव."

"ते अर्धं वाक्य आहे गं. पैसे द्या, पण कर्ज काढून देऊ नका, असं मी बोललो. कर्जानं दिलेलं टिकत नाही. एका हातानं देतात आणि तेल, साखर, गॅस महाग करून दुसऱ्या हातानं काढून घेतात."

"मना त्यातलं कळत नाय," ती म्हणाली. "घोवाकडं पैसं मागताना काय काय ऐकून घ्यावं लागायचं, ता मना कळतं. आता मी मागनार नाय."

बरोबर असण्याचा आप्पांना आयुष्यभर सराव होता. पण समोर ही बाई उभी होती आणि तीही चूक नव्हती. चिमानं मग केर काढला, फरशी पुसली, आणि नेहमीचा चहा न घेताच गेली.

संध्याकाळी विनीत आला. बरोबर मोबाइलवर शूटिंग करणारे दोघे. आप्पांच्या पाया पडला, खुर्चीवर बसला, आणि मग त्याचा आवाज बदलला.

"सर, एक मिनिटाचा व्हिडिओ हवाय. घरदीप ही दूरदृष्टीची योजना आहे, माझा तिला पूर्ण पाठिंबा आहे. बस, एवढंच."

"पूर्ण वाक्य बोलतो. जे तिथे बोललो तेच, शेवटपर्यंत."

"पूर्ण वाक्य कोण ऐकतं, सर? समोरचे आता चार हजार देतो म्हणायला लागलेत. मी काय तूट समजावत फिरू? डिपॉझिट जाईल माझं."

"तू ते पटलं म्हणून पाठ केलं होतंस, की बक्षिसासाठी?"

विनीतला ते लागलं. "पटलं होतं. अजूनही पटतं. पण आधी निवडून येऊ द्या, मग करू."

"पक्ष निवडून आलेलाच आहे ना? मग कधी?"

शूटिंगवाल्यांपैकी एक जण हसला. विनीत उठला. "तुमचं काय जातं सर? पेन्शन चालू आहे. तुम्हाला मतं मागायची नाहीत. ज्याला मागावी लागत नाहीत त्यालाच तत्त्व परवडतं."

"खरं आहे," आप्पा म्हणाले. "म्हणून तर निदान त्यानं तरी बोलावं."

व्हिडिओ झाला नाही. शमिकानं आपल्या फोनवर आप्पांचं सगळं भाषण जेवढं मिळालं तेवढं जोडून टाकलं. ते दीडशे लोकांनी पाहिलं, आणि त्यातल्याही बऱ्याच जणांनी सुरुवातीचं अर्धं मिनिटच पाहिलं. ती क्लिप मात्र शेवटपर्यंत फिरत राहिली. दाभोळच्या जेटीवर, सावर्ड्याच्या बाजारात, गणपतीपुळ्याच्या लॉजवाल्यांच्या ग्रुपवर. आप्पांना न ओळखणारी माणसं त्यांना 'पैसे बंद करणारा म्हातारा' म्हणून ओळखायला लागली.

विनीत थोडक्या मतांनी पडला. दिल्लीतही पक्षाची सत्ता गेली, आणि चार हजारवाले आले. मोजणीच्या संध्याकाळी पक्षाच्या व्हॉट्सॲप ग्रुपमधून आप्पांना काढून टाकलं. त्या ग्रुपमधल्या निम्म्या लोकांना आप्पांनी शिकवलं होतं. फोनवर ती ओळ वाचून आप्पांनी चष्मा काढला आणि बराच वेळ पुसत राहिले.

"माझा पक्ष जिंकला," सुलेमान दुसऱ्या दिवशी येऊन म्हणाला, "आणि मला पेढा घेऊन यायची लाज वाटली."

"का? यावंस ना."

"चार हजार कुठून आणणार आहेत रे हे?"

"तू विचारतोस?"

"इतकी वर्षं तुझ्यासमोर बसलोय. थोडं तरी डोक्यात जाणारच."

जुलैत नव्या सरकारचं पूर्ण बजेट आलं. घरदीप दुप्पट झाली, तूट वाढली, आणि एवढं असूनही कुठेतरी काटकसर दाखवणं भाग होतं. ती मिशनच्या कंत्राटी माणसांवर आली. कागदावर त्याला 'पदांचे सुसूत्रीकरण' म्हटलं होतं. पालीच्या दवाखान्यातली लॅब बंद करून रक्ताचे नमुने रत्नागिरीला पाठवायचे ठरलं. शमिकाला पुढचा आदेश मिळाला नाही. तिथे तिची आठ वर्षं झाली होती.

ती घरी आली, पर्स खुंटीला लावली आणि म्हणाली, "आप्पा, झालं."

आप्पांनी उठून तिच्यासाठी चहा ठेवला.

दोन दिवसांनी दूध आणायला गेले तेव्हा डेअरीपाशी रावजी भेटला, पक्षातला जुना सोबती. त्याच्या बोलण्यात दुष्टपणा नव्हता, उलट मनापासून कोड्यात पडल्यासारखा त्यानं विचारलं, "पण आप्पा, तुम्हीच म्हणायचात ना, सरकारनं खर्च कापावा म्हणून?"

"म्हणायचो," आप्पा म्हणाले. "म्हणून तर सांगत होतो, वेळेवर कापा, विचार करून कापा. स्वतःच्या मर्जीनं नाही कापलं तर एक दिवस नाइलाजानं कापावं लागतं. आणि नाइलाज नेहमी दुबळ्याच्याच घरी जातो."

"हां," रावजी म्हणाला, आणि पावसाला नावं ठेवायला लागला.

त्याच आठवड्यात आप्पांना पक्षाकडून निरोप आला. बजेटवर सभा आहे, तुम्ही यायचंच, गाडी पाठवतो. शमिका नको म्हणाली. आप्पा गेले, पण गाडीनं नाही. सुलेमानच्या स्कूटरवर मागे बसून गेले. सभागृह भरलेलं होतं. किती वर्षांनी माणसं खिडक्यांत बसली होती. व्यासपीठावर फळा होता, आणि नवा कोरा खडूही. विनीत उभा राहिला. त्यानं दोन आकडे लिहिले आणि मधल्या फरकावर बोट ठेवलं.

"आता एवढंच बघू या," तो म्हणाला.

पुढचा पाऊण तास तो अप्रतिम बोलला. व्याज, जन्माला न आलेलं पोर, तांदूळ छापता येत नाही, सगळं आलं. एक आकडा चुकला नाही. टाळ्यांवर टाळ्या पडल्या. मग आवाज खाली आणून तो म्हणाला, "हे अर्थशास्त्र पुस्तकातलं नाही. आज याच सभागृहात आपले आप्पा बसलेत. त्यांच्या मुलीची नोकरी या सरकारनं खाल्ली. चार हजारांची खैरात करायला आठ वर्षं इमानानं रक्त तपासणाऱ्या मुलीला घरी बसवलं!"

सगळ्या माना आप्पांकडे वळल्या. कुणीतरी त्यांना हाताला धरून वर नेलं. विनीतनं वाकून नमस्कार केला आणि माईक त्यांच्यापुढे धरला. माईक चालू होता.

"विनीत बोलला त्यातला एकही शब्द खोटा नाही," आप्पा म्हणाले. टाळ्या झाल्या. त्या थांबेपर्यंत ते थांबले. "मला त्याला एकच विचारायचंय, आणि तुम्ही साक्षीला आहात म्हणून इथे विचारतो. विनीत, उद्या तुझं सरकार आलं, तर तू घरदीप कर्जातून देणं थांबवशील? कर वाढवून देईन किंवा कमी करीन, असं मतदानाच्या आधी सांगशील? हो की नाही, एवढंच सांग."

विनीत हसला. त्यानं आप्पांच्या खांद्यावर हात ठेवला, माईक हळूच आपल्याकडे घेतला आणि म्हणाला, "सर अजून आमची परीक्षा घेतात! असे गुरू आहेत म्हणून हा पक्ष आहे. आप्पांसाठी जोरदार टाळ्या!"

टाळ्या इतक्या जोरात झाल्या की आप्पा काहीतरी बोलले ते कुणाला ऐकू आलं नाही. शाल आली, नारळ आला. आप्पांनी नारळ तिथेच टेबलावर ठेवला. शाल खांद्यावरून काढायला गेले, पण तिची पिन सदऱ्यात अडकली. तशीच ती अंगावर घेऊन ते पायऱ्या उतरले.

बाहेर सुलेमान स्कूटरपाशी उभा होता. त्यानं पिन सोडवून दिली, शालीची घडी केली आणि डिकीत टाकली.

"माझं चुकलं काय रे?" आप्पांनी विचारलं.

"हिशेबात नाही चुकलं."

"मग कशात?"

सुलेमान स्कूटरला किक मारत म्हणाला, "तुला वाटलं, लोकांना कळत नाही म्हणून ते असं करतात. तू समजावत बसलास. त्यांना कळतं रे. पहिल्यापासून कळतं."

शमिकाला पनवेलच्या एका खाजगी लॅबमध्ये काम मिळालं. पगार आधीपेक्षा कमी, आणि राहायचं तीन मुलींबरोबर एका खोलीत. आप्पा तिला स्टँडवर सोडायला गेले. गाडी लागेपर्यंत दोघं बाकावर बसली होती. फलाटावरच्या टीव्हीवर घरदीपची जाहिरात चालली होती. एक बाई तुळशीपुढे दिवा लावून हसत होती.

"तुम्ही बोलला नसतात तर विनीत निवडून आला असता," शमिका म्हणाली. "माझी नोकरी कदाचित राहिली असती."

"कदाचित. पुढच्या वर्षी गेली असती."

"एक वर्ष तरी मिळालं असतं, आप्पा."

ती रागानं बोलली नव्हती, म्हणून ते जास्त लागलं. गाडी आली. तिनं वाकून नमस्कार केला, गोळ्या वेळेवर घ्या म्हणाली, आणि चढली. खिडकीतून हात केला तोही नेहमीसारखाच.

आप्पा घरी परतले तेव्हा ओसरीच्या पायरीवर चिमा बसली होती. आज तिची यायची पाळी नव्हती. नवी साडी नेसली होती आणि हातात मिठाईच्या दुकानातला छोटा पुडा होता.

"चार हजार आलं," ती उठत म्हणाली. "मोट्या पोरीला सायकल घेनार. बायका म्हनतात, तुमी तवा बोललाव म्हनून ह्यांनी वाडवलानी. मी उगाच तुमच्यावर रागावलंय." तिनं पुडा सोडला. "घ्या आप्पानू. पयला तुमाला."

आप्पांनी तिच्याकडे पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर एवढा आनंद त्यांनी कधी पाहिला नव्हता. व्याज, तूट, पनवेलची खोली, सगळं त्यांच्या जिभेवर आलं होतं. त्यांनी पुड्यातला एक पेढा उचलला आणि तोंडात टाकला.

"छान आहे," ते म्हणाले, आणि दाराचं कुलूप उघडायला वळले.